हो किंवा नाही, एवढंच कळवा

“नक्की येतो.” या दोन शब्दांबद्दल माझी तक्रार आहे.

हे शब्द मी २०१९ पासून ऐकतो आहे. फोनवर ऐकले, लग्नाच्या मांडवात ऐकले, एकदा दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या मित्राकडूनही ऐकले. नाशिकच्या पहिल्या मेळाव्याला ४३ जण “नक्की येतो” म्हणाले होते. त्या भरवशावर मी ४३ ताटं सांगितली. जेवायला आले १७. उरलेल्या २६ ताटांचे पैसे केटररने घेतले आणि ते योग्यच होतं. त्याने भाज्या चिरल्या होत्या, पोळ्या लाटल्या होत्या. न आलेल्यांपैकी दोघांचे नंतर फोन आले. एकाने विचारलं, “कसा झाला कार्यक्रम?” दुसऱ्याने फोटो मागितले. बाकीचे २४ जण जणू काही बोललेच नव्हते.

लोकांना ही बाब किरकोळ वाटते. “चालायचंच” म्हणतात. आमच्या वसतिगृहातल्या माजी विद्यार्थ्यांच्या विभागीय शाखा उभ्या करण्याचं काम मी अंगावर घेतलं आणि शाखा कशाने उभी राहते, कशाने बसते, हे जवळून पाहिलं. भांडणं झाली, रुसवेफुगवे झाले, त्यातून शाखा सावरल्या. जिथे उत्तरच आलं नाही, तिथे करण्यासारखं काही उरलं नाही. म्हणून ही तक्रार तपशिलासकट लिहितो आहे.

आमचं वसतिगृह एका सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाचं. १९८० ते १९८४ मी तिथे होतो. तीन मजले, नव्वद खोल्या, एका खोलीत तिघे. मेस मुलंच चालवायची. महिन्याचा खर्च भागून बिल काढायचं, जो गावी गेला त्याचा खाडा धरायचा, रविवारी फीस्ट. सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच्या शीटवरून चौघे जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारायचे. काचेखाली दिवा, काचेवर शीट, आणि दिवा तापला की काच पुसायला पाचवा. १९८२ मध्ये माझे वडील गेल्याची तार आली, तेव्हा रात्री साडेनऊ वाजता मेसच्या डब्यातून काढून मला गाडीभाड्याचे पैसे दिले गेले. महिन्याभराने मी ते परत केले, तर मेस सेक्रेटरीने मोजलेसुद्धा नाहीत. तो २३ नंबरचा. आमच्यात माणूस खोलीच्या नंबराने ओळखला जातो. आडनाव पुष्कळदा नंतर कळतं.

अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये अशा एकत्र राहण्याला रीतसर रूप आहे. ग्रीक अक्षरांची नावं घेतलेली मुलांची मंडळं असतात, त्यांना फ्रॅटर्निटी म्हणतात. त्या अक्षरांची सुरुवात १७७६ मध्ये व्हर्जिनियातल्या फाय बीटा कॅपा या मंडळापासून झाली. शिक्षण संपलं की सदस्य ज्या शहरात नोकरीला जाईल, तिथल्या माजी सदस्यांच्या शाखेत नाव घालू शकतो. आज चालू असलेल्या माजी विद्यार्थी संघांपैकी सर्वांत जुना मानला जातो तो मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचा, १८२१ चा. त्या वर्षी कॉलेजचे अध्यक्षच काही विद्यार्थ्यांना घेऊन नव्या ॲमहर्स्ट कॉलेजकडे निघून गेले. विल्यम्स बंद पडणार अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा जुने विद्यार्थी एकत्र आले. कॉलेज आजही सुरू आहे. गरज होती म्हणून तो संघ जन्माला आला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आमचीही गरज होती. मुख्य संघ कॉलेजच्या गावी, वर्षातून एक मेळावा, तोही डिसेंबरात. चंद्रपूरच्या माणसाने त्यासाठी जाऊन येऊन तीन दिवस काढायचे, हे दरवर्षी होण्यासारखं नाही. माणूस जिथे राहतो, तिथे त्याला आपली माणसं सापडायला हवीत.

आता तक्रारी क्रमाने.

पहिली तक्रार नकाशाबद्दल. मुख्य समितीने ठरवलं की महसुली विभागांप्रमाणे सहा शाखा करायच्या: कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर. कागदावर ते नीटनेटकं दिसतं. पण कोकण विभागात मुंबई आहे आणि सिंधुदुर्गही आहे. सावंतवाडीचा आमचा माणूस आंबोली घाट चढून कोल्हापूरला जातो, नाहीतर पणजीला. ठाण्यातल्या हॉलमध्ये संध्याकाळी सहाच्या बैठकीला तो कसा येणार? सोलापूर पुणे विभागात, अंतर अडीचशे किलोमीटर. नंदुरबार नाशिक विभागात, पण तिथली माणसं खरेदीला आणि दवाखान्याला रेल्वेने सुरतेला जातात. मी समितीला तीन पत्रं लिहिली, की हद्दी जिल्ह्यांच्या धरू नका, माणसं कुठल्या गाडीने कुठे जातात ते विचारा आणि तसे गट करा. पहिल्या दोन पत्रांना उत्तर नाही. तिसऱ्याला आलं: “विचाराधीन आहे.” वर्ष गेल्यावर मी विचारायचं सोडलं आणि सावंतवाडीच्या चौघांना कोल्हापूरच्या वहीत घातलं. ते चौघे आता दर वेळी येतात.

दुसरी तक्रार पत्त्यांची. १९९१ मध्ये वसतिगृहाच्या पंचवीस वर्षांची स्मरणिका निघाली. तिच्या शेवटी १,६४० नावं आहेत. ती छापणाऱ्यांनी फार कष्ट घेतले होते, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण पुण्याच्या नंबरांपुढे ०२१२ आहे, जो कोड जाऊन ०२० आला त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. पुढे स्थानिक नंबरांच्या आधी २ लागला, मग लँडलाइनच निघाल्या. बदल्यांच्या नोकऱ्या, सरकारी क्वार्टर्स, निवृत्तीनंतर मुलाकडे किंवा मुलीकडे. १,६४० पैकी माझ्या वहीत आज चालू फोन आहेत ३८०. उरलेल्यांचे मिळवायला कोणा ना कोणाला विचारावं लागतं आणि इथे आणखी एक शब्द येतो: “पाठवतो.” जळगावच्या एकाकडे बारा जणांचे नंबर आहेत. त्याने ते मला पाठवतो असं सांगितलं, त्याला चौथं वर्ष चालू आहे. त्याच्या फोनमध्ये ते आहेत. दहा मिनिटांचं काम आहे.

याच यादीत आमच्या हातून झालेली मोठी चूक आहे. मुलींचं वसतिगृह वेगळं होतं. आमच्या वर्षाला १८० विद्यार्थ्यांत मुली सहा. संघ मुलांच्या वसतिगृहाचा म्हणून त्यांना कोणी कधी बोलावलं नाही. २०२१ मध्ये आम्ही ते बदललं आणि तेव्हा लक्षात आलं, की कॉलेजच्या कागदांवर त्या सगळ्या माहेरच्या नावाने आहेत. लग्नानंतर काहींचं पहिलं नावही बदललेलं. चाळीस वर्षांपूर्वीच्या सहपाठिनीला शोधायचं, तर आधी तिच्या भावाला शोधावं लागतं. हे आम्ही १९९१ मध्येच करायला हवं होतं. तेव्हा त्या सापडल्या असत्या.

तिसरी तक्रार कागदपत्रांची. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं मिळून संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात तिची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही होते आणि मग धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी संबंध येतो. कार्यकारी मंडळ बदललं की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. नियम कठीण नाही. आमच्या संघात मंडळं बदलत गेली, सत्कार झाले, हार घातले गेले, पण २००८ नंतर बदल अर्ज कोणी दिलाच नाही. त्यामुळे कागदोपत्री आमचे अध्यक्ष अजून तेच आहेत, ज्यांना जाऊन आठ वर्षं झाली. बँक म्हणते, सही करणारे बदलायचे असतील तर नोंद झालेलं मंडळ दाखवा. बँक बरोबर आहे. खात्यात १,१२,००० रुपये आहेत. ते आमचेच आहेत आणि आम्हाला काढता येत नाहीत. ज्या तीन चिटणिसांच्या काळात हे राहिलं, त्यांतल्या दोघांना मी विचारलं. दोघांनीही सांगितलं, की ते काम दुसऱ्याकडे होतं.

शाखांना स्वतंत्र नोंदणी लागू नये म्हणून घटनेत शाखांचं कलम घालायचं ठरलं. त्यासाठी सर्वसाधारण सभा बोलावली. सभासद ४१२, गणपूर्तीला १३८ हवेत, आले ३१. अध्यक्षांनी सभा अर्धा तास तहकूब केली आणि नियमाप्रमाणे त्याच जागी पुन्हा सुरू केली. त्या अर्ध्या तासात आठ जण चहाला म्हणून गेले ते आलेच नाहीत. मी कलमाचा मसुदा वाचला तेव्हा समोर २३ माणसं होती. कायद्याने सभा वैध होती. मला मात्र त्या रिकाम्या खुर्च्यांपुढे वाचताना वाईट वाटलं, कारण त्या मसुद्यावर मी दोन महिने बसलो होतो आणि त्यातली एखादी चूक कोणीतरी दाखवावी, अशी माझी फार इच्छा होती.

चौथी तक्रार पैशांची. शाखेची वर्गणी वर्षाला २०० रुपये. गणपतीच्या वर्गणीला कोणी नाही म्हणत नाही, दारात मुलं उभी असतात. आमच्या २०० रुपयांसाठी मी दारात उभा राहू शकत नाही. शाखेच्या नावाने खातं काढायचं, तर संस्थेचं नोंदणीपत्र, पॅन आणि ठराव लागतो, आणि ठराव करणारं मंडळ वर सांगितल्याप्रमाणे अडकलेलं. म्हणून आज पाच शाखांची वर्गणी पाच माणसांच्या स्वतःच्या खात्यात जमा होते. पैसे पाठवणारा नाव लिहीत नाही. माझ्या खात्यात २०० रुपयांच्या एकोणीस नोंदी आहेत, ज्या कोणाच्या ते मला ठाऊक नाही. त्यांना मी पावती देऊ शकत नाही आणि त्यांच्यापैकी काहींनी “पावती मिळाली नाही” अशी तक्रार इतरांकडे केली आहे. पैसे पाठवाल तेव्हा खोली नंबर लिहा. एवढी विनंती मी ११ वेळा केली आहे.

परदेशातल्या मित्रांची गोष्ट निराळी. न्यू जर्सीतल्या एकाने नागपूर शाखेसाठी ५०० डॉलर देऊ केले. तो आता अमेरिकेचा नागरिक आहे, म्हणजे त्याचे पैसे २०१० च्या परदेशी अंशदान कायद्यात येतात. त्यासाठी संस्थेला केंद्राकडे वेगळी नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीपासून असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. भारतीय पासपोर्ट असलेला मित्र तिकडून स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवू शकतो, त्याला ही अडचण नाही. हे मी समजावून सांगितलं, तर तो दुखावला. “मी परका झालो का?” म्हणाला. त्याला परका म्हणणारा मी नव्हतो. त्याने नंतर माझे फोन घेतले नाहीत आणि ही गोष्ट मला अजून सलते.

पाचवी तक्रार पदांची. कोल्हापूरला शाखा सुरू करायला बसलो तेव्हा अध्यक्षपदाला पाच जण तयार होते. चिटणीस व्हायला कोणी नव्हतं. चिटणिसाला फोन करावे लागतात, वही ठेवावी लागते, हॉलची अनामत भरावी लागते. दीड तास अध्यक्षपदावर गेला. मग दोन कार्याध्यक्ष, एक सल्लागार, एक मुख्य सल्लागार असं ठरलं. फलक झाला, त्यावर बोधचिन्ह आलं. सहा महिन्यांत त्या शाखेची एकही बैठक झाली नाही, कारण बैठक आहे हे कळवायचं कोणी, याचा निर्णय झाला नव्हता.

सहावी तक्रार सत्कारांची. चंद्रपूरहून, यवतमाळहून माणसं नागपूरला येतात ती आपल्या मजल्यावरच्या मुलांशी बोलायला. त्यांना आम्ही ओळीने खुर्च्यांवर बसवतो. १४ शाली, १४ श्रीफळं, प्रत्येकाचा परिचय, परिचयात पहिल्या नेमणुकीपासून निवृत्तीपर्यंतची सगळी ठिकाणं. अडीच तास जातात. जेवणाच्या वेळी तोंडओळख होते आणि साडेतीनची गाडी असते. नागपूरला एक जण मला म्हणाला, “४७ नंबर आलाय म्हणून मी आलो. तो समोर बसला होता. बोलायला मिळालं नाही.” ते दोघे ३६ वर्षांनी एका खोलीत होते. याची भरपाई मी करू शकत नाही. नाव आणि खोली नंबर, इतकाच परिचय पुरेसा असतो. तो ऐकला की सगळे आपोआप बोलायला लागतात.

सातवी तक्रार व्हॉट्सॲपच्या गटाची. एका गटात आधी २५६ माणसं बसत, मग ५१२ झाली, आता १,०२४ बसतात. जागा वाढली तसा आमचा गट वाढला आणि त्यातली सूचना दिसेनाशी झाली. मी शनिवारी सकाळी बैठकीची जागा आणि वेळ टाकतो. त्यानंतर फुलांची चित्रं, सुविचार, कुठल्याशा काढ्याची कृती, एका पुलाच्या बांधकामाची फिल्म. रात्री नऊला कोणी विचारतो, “ठिकाण कुठे?” मी पुन्हा टाकतो. सकाळी आणखी दोघे विचारतात. ज्यांनी आयुष्यभर निविदेतली प्रत्येक ओळ वाचली, त्यांनी तीन ओळींची सूचना वाचू नये, याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं.

आठवी तक्रार महाविद्यालयाबद्दल, आणि ती मी शांतपणे मांडतो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था १९९४ ची. तिच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांचा सहभाग धरलेला आहे. नोंदणीकृत संघ आहे का, त्याने काय दिलं, हे विचारलं जातं. निकष चांगला आहे. पण समिती यायच्या पंधरा दिवस आधी कॉलेजातून फोन येतो: मेळाव्यांचे फोटो पाठवा, देणग्यांचा तक्ता पाठवा, मोठ्या पदांवरच्या माजी विद्यार्थ्यांची यादी पाठवा. मी दोन वेळा सगळं पाठवलं. बदल्यात एकच मागितलं: १९६६ पासूनच्या वसतिगृह प्रवेशाच्या वह्या बघायला द्या, घरी नेणार नाही, तिथेच बसून उतरवून घेईन. त्या वह्या तळमजल्यावरच्या खोलीत आहेत, मी पाहिल्या आहेत, वरच्या गठ्ठ्याला वाळवी लागली आहे. त्या अर्जाला उत्तर आलेलं नाही. दर पावसाळ्यात मला त्या वह्यांची आठवण होते.

या सगळ्यात एक पत्र आलं, ते इथे सांगायला हवं. संभाजीनगर शाखेसाठी मी ६० पोस्टकार्डं टाकली होती. एका ज्येष्ठाने उत्तर पाठवलं. त्याने लिहिलं होतं, की पहिल्या वर्षी त्याला तीन महिने रोज रात्री गच्चीवर नेत, थंडीत उभं करत; त्या वसतिगृहाचं नाव त्याला नको आहे; शाखेत तो येणार नाही; पुन्हा पत्र पाठवू नये. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध कायदा १९९९ मध्ये झाला. त्याच्या आधीच्या तेहतीस वर्षांत आमच्या गच्चीवर जे झालं, त्याला आम्ही ‘मजा’ म्हणत आलो आणि स्मरणिकेत त्याचे किस्से छापले. मी त्याला क्षमा मागणारं चार ओळींचं पत्र पाठवलं, त्याचं नाव यादीतून काढलं, आणि पुढच्या बैठकीत ठराव मांडला, की आमच्या कोणत्याही मेळाव्यात गच्चीचे किस्से सांगायचे नाहीत. ठराव कसाबसा पास झाला. साठ पत्रांपैकी मला स्पष्ट ‘नाही’ कळवणारा तो एकटा. ज्याला आमच्याकडून सर्वांत जास्त त्रास झाला, त्यानेच उत्तर देण्याची तसदी घेतली.

आता २३ नंबरबद्दल.

बायको गेल्यावर तो नांदेडला मुलीकडे राहायला गेला होता. हे मला ठाऊक नव्हतं. तो आजारी पडला त्याच्या आधीच्या शरद ऋतूत मी नांदेडच्या लोकांना एक साधा मजकूर पाठवला होता: तुमच्या ओळखीत, शेजारात आपला कोणी नव्याने आला असेल तर कळवा. तिथे आपले चौदा जण आहेत. उत्तर पाच जणांनी दिलं, आणि त्या पाचांना काही माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी तो आजारी पडला. दवाखान्यात एकोणीस दिवस होता. रक्त लागलं, रात्री थांबायला माणूस लागला. मुलगी एकटी, जावई दौऱ्यावर. आपले दोघे त्याच कॉलनीत राहतात, एक तर पुढच्या गल्लीत. कोणालाच माहीत नव्हतं. गटावर त्याचा हार घातलेला फोटो आला तेव्हा मला कळलं. त्याखाली ६१ जणांनी हात जोडले होते.

वहीत मी त्याची ओळ काढली. फोनच्या रकान्यात आठ वर्षांपूर्वीचा नंबर होता. मी तो लावून पाहिला, बंद होता. त्याने नवा नंबर घेतला तेव्हा मला कळवला नव्हता. माझी तक्रार त्याच्याबद्दलही आहे. ज्या माणसाने रात्री साडेनऊला मेसचा डबा उघडून मला घरी पाठवलं, त्याने आपल्या एकोणीस दिवसांची खबर मला लागू दिली नाही. नंबर बदलला तर कळवायचा असतो रे. मी आलो असतो. पुण्याहून नांदेड एका रात्रीचं आहे.

त्यानंतर मी अमरावतीच्या ताईंना फोन केला. मुलींच्या वसतिगृहातल्या त्या सहाजणींपैकी एक. आमच्या सगळ्या शाखांत खऱ्या अर्थाने चालणारी शाखा त्यांची एकट्यांची. तिथे अध्यक्ष नाही, फलक नाही. एक वही आहे. वर्षातून दोनदा त्या आणि आणखी एक जण मिळून यादीतल्या प्रत्येकाला फोन करतात. मजकूर पाठवत नाहीत, बोलतात. पत्ता तोच का, तब्येत कशी, शेजारात आपला कोणी आलाय का, हे विचारतात. बैठक असेल तर त्या म्हणतात, “येणार नसलास तरी चालेल, पण आत्ता सांग. मला ताटं सांगायची आहेत.” नंतर कळवतो असं कोणी म्हणालं, तर त्या फोन ठेवत नाहीत. समोरचा माणूस ओशाळतो, क्षणभर विचार करतो आणि उत्तर देतो.

नांदेडची शाखा आम्ही त्याच रीतीने सुरू केली. पुढच्या गल्लीत राहणाऱ्याने वही आपल्याकडे मागून घेतली. मी त्याला काही म्हणालो नव्हतो. उरलेल्या तेरा जणांना त्याने आणि मी मिळून फोन केले आणि प्रत्येकाला ताईंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्याला धरून नऊ जण हो म्हणाले. पाच जण नाही म्हणाले. एकाच्या घरी बाळंतपण होतं, एकाचे गुडघे, तिघांनी कारण दिलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. २३ नंबरच्या मुलीलाही बोलावलं. ती येते म्हणाली.

तिचं आणि माझं धरून अकरा ताटं सांगितली. अकराही ताटं वाढली गेली.